हिरवी तार

वऱ्हाडचा उन्हाळा मोठा कडक. वैशाखात अकोल्याचा पारा कित्येकदा ४५ अंशांच्या वर चढतो. रस्ते ओस पडतात आणि गुरेढोरे निंबाच्या सावलीतून हलत नाहीत. परंतु जो सूर्य दिवसा अंग भाजून काढतो, तोच आता कित्येक घरांतून रात्रीचा दिवाही लावतो. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत मेळघाटचे दाट अरण्य पसरले आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्पाला आरंभ झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ वनक्षेत्रांत त्याचा समावेश होता. अशा अरण्यातून विजेचे खांब उभारीत नेणे अवघड. म्हणून तेथील दुर्गम गावांतून सूर्यापासून वीज घेण्यात आली. खाली सपाटीवर, गावापासून दूर शेतात राहणारी कुटुंबेही हाच मार्ग धरू लागली आहेत.

अशा घराची वीज घरीच निर्माण होते आणि घरीच खर्च होते. छपरावरील सौर पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. ऊन पडले की प्रत्येक चकती सुमारे अर्धा व्होल्ट दाब देते. अनेक चकत्या एकापुढे एक जोडल्या की दाबांची बेरीज होते. ही वीज एका नियंत्रकातून जाऊन बॅटरीत साठते. बॅटरीचा प्रवाह मात्र दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा असतो आणि त्याचा दाबही बहुधा १२ किंवा २४ व्होल्टच असतो. घरातील पंखे आणि इतर उपकरणे बहुतांशी २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. या प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होते आणि अशी आवर्तने सेकंदाला ५० होतात. एका प्रवाहाचे दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या यंत्रास इन्व्हर्टर म्हणतात.

इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या तारा पाहिल्या तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बॅटरीकडील तारा बोटाएवढ्या जाड व आखूड असतात, तर घराकडे जाणाऱ्या तारा बारीक असतात. याचे कारण साध्या भागाकारात आहे. उपकरणांना ६०० वॅट शक्ती हवी असेल, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअर प्रवाह यावा लागतो. तीच शक्ती २३० व्होल्टवर न्यावयाची असेल, तर तीन अँपिअरही लागत नाहीत. तारेतील प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून बॅटरीची तार बारीक घेतली, तर ती तापून तिचे आवरण वितळते आणि प्रसंगी घरास आग लागते. याकरिता बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेची वितळतार बसवावी लागते.

घराच्या जोडणीत तीन तारा असतात. विद्युतयुक्त तारेतून प्रवाह उपकरणाकडे जातो आणि तटस्थ तारेतून परत येतो. तिसरी हिरवी तार ही भूसंपर्क तार होय. लोक तिला अर्थिंग म्हणतात. ती पॅनेलची चौकट, लोखंडी सांगाडा, इन्व्हर्टरची पेटी आणि उपकरणांचे धातूचे भाग यांना एकत्र जोडून जमिनीत पुरलेल्या नळापर्यंत जाते. सर्व ठीक असता या तारेतून प्रवाह वाहत नाही. म्हणूनच, दिवा तर तिच्यावाचूनही लागतो, मग हा खर्च कशाला, असे काहींना वाटते आणि ती तार वगळली जाते.

तिचे मोल कळावयाचे असेल, तर वऱ्हाडातील घरोघरीचा कूलर पाहावा. पत्र्याची पेटी, आत पाण्याचा पंप, भोवती ओली फरशी. समजा, उंदराने विद्युतयुक्त तारेचे आवरण कुरतडले आणि उघडी तार पत्र्यास टेकली. पंखा पूर्ववत फिरत राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. परंतु आता सबंध पत्र्यात वीज उतरलेली असते. पाणी भरावयास आलेल्या मुलाने अनवाणी पायाने त्यास हात लावला, तर प्रवाह त्याच्या देहातून ओल्या जमिनीत शिरतो. कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या वार्ता उन्हाळ्यात ऐकू येतात, त्यांमागे पुष्कळदा असेच कारण असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वीज जमिनीत जिरून जाते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः प्रवाह नेहमी आपल्या उगमाकडे परत जातो. शहरातील घरांसाठी हा उगम म्हणजे वीजपुरवठ्याचे रोहित्र. सौर घरासाठी इन्व्हर्टर. म्हणून घराची तटस्थ तार इन्व्हर्टरजवळ एकाच ठिकाणी भूसंपर्क तारेशी जोडलेली असावी लागते. असे असले, म्हणजे पत्र्यात उतरलेल्या प्रवाहास हिरव्या तारेतून परतीची सोपी वाट मिळते. तो एकदम वाढतो आणि वितळतार वितळते किंवा इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. केवळ जमिनीवर विसंबून हे साधत नाही. मातीतील वाटेचा रोध ५० ओहम धरला, तर २३० व्होल्टचा दाब तीतून जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह नेतो. एवढ्याने १० अँपिअरची वितळतार वितळत नाही.

तटस्थ तार मोकळीच ठेवली तर काय होईल? पहिला बिघाड मुकाट राहील, कोणास कळणार नाही. आणि दुसरा बिघाड झाला की माणसास धक्का बसेल. उलट ही जोडणी दोन ठिकाणी केली, तर रोजचा प्रवाहही हिरव्या तारेतून वाहू लागेल. काही इन्व्हर्टरांत ती आतच केलेली असते, तर काहींत ती करणे वर्ज्य असते. म्हणून यंत्रासोबतची पुस्तिका वाचल्यावाचून हात घालू नये. याखेरीज, ३० मिलिअँपिअरइतकी अल्प गळती होताच प्रवाह तोडणारी कळही बसवावी.

नळ पुरताना भूमीचा स्वभाव ओळखावा लागतो. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरडीतून नाही. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती नळापासून सुटते. म्हणून साधारण अडीच मीटर लांबीचा नळ खोल पुरून, भोवती मीठ व कोळसा घालून, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओततात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मातीतील क्षारांमुळे वीज चांगली वाहते. पण तेच क्षार लोखंड खातात, म्हणून तेथील नळाची तपासणी वरचेवर करावी लागते. मेळघाटात मातीचा थर पातळ आणि खाली खडक. तेथे ओलसर जागा शोधून एकाहून अधिक नळ पुरून ते एकमेकांस जोडावे लागतात.

हे सारे काम जाणत्या, परवानाधारक तारतंत्र्याचेच आहे. मुलांनी तारांस हात लावू नये. ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये विजेचा दाब असतोच, हेही विसरू नये.

शेतात पीक उभे राहिले की जागल्या रात्रभर माचाणावर बसतो. रानडुकरे आली नाहीत, तर त्याने रात्री काहीच केले नाही असे दिसते. पण म्हणून कोणी शेतकरी त्याला घरी पाठवीत नाही. हिरवी तार ही घराची तशीच जागल्या आहे. वर्षानुवर्षे ती स्वस्थ असते. एखाद्या क्षणी मात्र तिच्यामुळेच घरातील माणसाचा जीव वाचतो.