वसतिगृहाच्या दारात उभ्या दोन माता

जून-जुलै आला की आपल्या वस्त्यांतून पेट्या निघतात. गादीची वळकटी, स्टीलचा डबा, बाबासाहेबांची छोटी तसबीर घेऊन लेकरू शहरातल्या वसतिगृहात जाते. फाटकावर पहारेकरी दिसला की आईबापांचा जीव भांड्यात पडतो. पण आम्ही विचारतो, फाटकाच्या आत जो अपमान होतो, त्यावर पहारा कोणाचा?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला तो दोन मातांनी.

पहिल्या राधिका वेमुला. शिवणकाम करून त्यांनी मुले शिकवली. मुलगा रोहित हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करीत होता आणि आंबेडकर विद्यार्थी संघटनेत काम करीत होता. त्याच्यासह पाच विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढण्यात आले. बाबासाहेबांची प्रतिमा घेऊन ते उघड्यावर राहिले. त्या जागेला त्यांनी नाव दिले 'वेलिवाडा', म्हणजे गावाबाहेरची वस्ती. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने जीवन संपवले. त्याच वर्षी १४ एप्रिलला दादरच्या आंबेडकर भवनात राधिकाताईंनी मुलगा राजा याच्यासह धम्मदीक्षा घेतली. त्या आपल्या धम्मभगिनी झाल्या.

दुसऱ्या जळगावच्या आबेदा तडवी. त्यांची कन्या डॉ. पायल तडवी-भिल्ल समाजातली. मुंबईच्या नायर रुग्णालयात ती स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिचा अंत झाला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा गुन्हा दाखल झाला. लेकीच्या छळाबद्दल आपण आधीच गाऱ्हाणे मांडले होते, असे आबेदाताईंचे म्हणणे आहे.

एक बौद्ध माता, एक आदिवासी मुस्लिम माता. २०१९ साली दोघींनी मिळून याचिका दाखल केली. त्यांची बाजू ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी मांडली. मागणी साधी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेचे विनियम केले आहेत, ते कागदावर न ठेवता अमलात आणा!

हे विनियम काय सांगतात? प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा आणि भेदभावविरोधी अधिकारी हवा. खानावळीत, वाचनालयात वेगळे बसवणे, जातीवरून टोमणे मारणे, प्रयोगशाळेत मुद्दाम काम न देणे, हा सारा भेदभाव ठरतो. तक्रारीचा निकाल साठ दिवसांत द्यायचा असतो. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या भिवाला अशी तक्रार करायला जागा नव्हती. आज ती कायद्याने आहे, पण किती पालकांना ठाऊक आहे?

या खटल्यामुळेच आयोगाला हलावे लागले. जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम निघाले. त्यांत समता समित्या आल्या, चोवीस तासांची हेल्पलाइन आली, इतर मागासवर्गही आले. लगेच विरोधाचे मोर्चे निघाले. २९ जानेवारीला न्यायालयाने नव्या विनियमांना स्थगिती दिली. तोवर २०१२ चेच चालतील, असे सांगितले. सात वर्षांच्या वाटचालीनंतर दोघी माता पुन्हा दारातच उभ्या राहिल्या.

म्हणून आमचे माता-भगिनींना सांगणे आहे. मुलाला पोहोचवायला जाल तेव्हा खोली आणि खानावळ पाहून परत फिरू नका. समान संधी कक्ष कुठे आहे आणि भेदभावविरोधी अधिकारी कोण, हे कार्यालयात विचारा व लिहून घ्या. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, प्रत घरी ठेवा. जातीवरून अपमान वा छळ झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. आणि मूल फोनवर गप्प गप्प वाटले तर अभ्यासाचे विचारण्याआधी विचारा, "बाळा, तुला तिथे कोणी काही बोलते का?"

विहारातल्या महिला मंडळांनी दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. ज्यांची मुले बाहेरगावी शिकतात त्या मातांची यादी करावी, म्हणजे वेळ आली तर एकटी आई दारात उभी राहणार नाही. राधिकाताई आणि आबेदाताईंनी आपली लेकरे गमावल्यावर ही लढाई सुरू केली. आपण ती लेकरू जवळ असतानाच सुरू करू या.

जयभीम!