बाळाचे चोंदलेले नाक आणि श्वासांचा हिशेब

‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही आपली म्हण मोठ्या माणसांच्या अनुभवातून जन्मली आहे. चार-आठ दिवसांच्या अर्भकाच्या बाबतीत मात्र ती पुरती खरी ठरत नाही. मोठ्या माणसाचे नाक चोंदले, तर तो सहज तोंडाने श्वास घेऊ लागतो. नवजात बालकाला हे तितकेसे साधत नाही. पहिले काही महिने ते मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दूध ओढत असताना श्वासही चालू राहावा, अशी निसर्गाचीच ती योजना आहे. परंतु त्याच्या नाकाची वाट इतकी अरुंद असते, की आतल्या त्वचेला किंचित सूज आली अथवा वाळलेल्या शेंबडाचा एखादा कण अडकला, तरी सारे घर जागे व्हावे एवढी घरघर सुरू होते. बाळ मध्येच स्तन सोडते, रडते, पुन्हा ओढू पाहते. पहिलटकरीण घाबरते, आजी तेलाची वाटी शोधू लागते आणि आजोबा दुकानातून कसले तरी सर्दीचे औषध आणण्यासाठी पायांत चपला सरकवतात.

अशा वेळी घरात काय करावे, काय करू नये आणि घराचा उंबरठा केव्हा ओलांडावा, या तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे. आम्ही पेशाने शिक्षक. वैद्यकीचा दावा आम्ही करीत नाही. बालरोगतज्ज्ञांना मान्य असलेले तेवढेच येथे मांडीत आहोत.

प्रथम दिलासा. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे नाक वाजणे, त्याला वरचेवर शिंका येणे, हे बहुधा सर्दीचे लक्षण नसते. बाळाला नाक शिंकरता येत नाही. शिंक हीच त्याची नाक साफ करण्याची रीत. बाळ अंगावर नीट पीत असेल, पिऊन शांत झोपत असेल, त्याचा रंग चांगला असेल, तर केवळ आवाजाने धास्तावण्याचे कारण नाही.

आमच्या बीदर-कलबुर्गी भागात ही तक्रार मार्गशीर्ष-पौषात विशेष ऐकू येते. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंच. हिवाळ्याची हवा कोरडी आणि पहाट बोचरी. याच दिवसांत तुरीची कापणी आणि मळणी चालते. औराद, भालकी, बसवकल्याण काय किंवा आळंद काय, खळ्यांवरचा भुसा वाऱ्याबरोबर घराघरांत शिरतो. ज्या घरी अजून चूल पेटते, तेथे तुराट्यांचा धूर असतोच. त्यात बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या, खाटेखाली शेगडी आणि न्हाणे झाल्यावर ओवा-शेपा-ऊद यांची धुरी. हेतू चांगला, ऊब देण्याचा. परंतु धुराने बाळाच्या नाकातील नाजूक त्वचा सुजते आणि ज्या नाकासाठी धुरी द्यावी, तेच अधिक चोंदते. शिवाय बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशांतून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो. तेव्हा नाकाचा पहिला उपचार म्हणजे धूर बंद करणे. तुराट्यांची चूल, उदबत्ती, डासांची कॉइल आणि घरातील पुरुषांची विडी, सारे त्या खोलीपासून दूर असावे. ऊब हवी ती आईच्या कुशीतून, टोपडे-दुपट्यातून. खोलीचा केर काढताना आधी फरशीवरून ओले फडके फिरवावे, म्हणजे धूळ उडत नाही.

आता प्रत्यक्ष उपाय. तो साधा आणि स्वस्त आहे: मिठाच्या पाण्याचे थेंब. औषधाच्या दुकानात ‘सलाईनचे नाकाचे थेंब’ म्हणून लहान कुपी मिळते. शंभर भाग पाण्यात सुमारे एक भाग मीठ, म्हणजे आपल्या अश्रूंइतकेच खारट असे हे पाणी असते. घरी अंदाजाने मीठ घालून ते करण्यापेक्षा तयार कुपी घेणे चांगले. कारण प्रमाण चुकले तर नाक झोंबते आणि पाणी शुद्ध नसेल तर नवे दुखणे ओढवते. कुपी घेताना मात्र नुसत्या मिठाच्या पाण्याचीच घ्यावी. मोठ्यांचे नाक मोकळे करणारे औषधी थेंब दिसायला तसेच असतात; ते तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतात.

हात साबणाने धुऊन, बाळाला मांडीवर उताणे घ्यावे आणि प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडावेत. एक-दोन मिनिटे थांबावे. वाळलेला शेंबूड सैल होतो आणि पुष्कळदा शिंकेसरशी बाहेर येतो. नाकाच्या तोंडाशी आलेला तेवढाच स्वच्छ, मऊ, ओलसर कापडाने टिपून घ्यावा. आत काडी, कापसाची वात अथवा करंगळी घालू नये. रबरी फुग्याची पिचकारी वापरावयाची असल्यास फुगा बाहेरच दाबून मग टोक नाकपुडीच्या कडेशी टेकवावे आणि फुगा हळूच सोडावा; नंतर ती उकळत्या पाण्याने धुऊन वाळवावी. हे सारे पाजण्यापूर्वी करावे, पाजल्यावर नव्हे. आणि दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा अधिक नको, कारण सारखे ओढण्यानेही नाक सुजते. मग बाळाला थोडे-थोडे, पण वरचेवर अंगावर पाजावे. पाजून झाल्यावर काही वेळ खांद्याशी उभे धरावे. झोपवावे मात्र उताणे, सपाट अंथरुणावर; डोक्याखाली उशी देऊ नये.

हे झाले करण्याचे. टाळण्याच्या गोष्टी सांगताना आमच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा अनादर करण्याचा हेतू मुळीच नाही. बाळाला ऊब द्यावी, आईला विसावा द्यावा, दुधाखेरीज वरचे काही देऊ नये, हे त्यांचे शहाणपण आजही खरे आहे. परंतु नाकात तेल सोडण्याची चाल बंद व्हावयास हवी. टाळूवर तेल जिरविणे निराळे आणि नाकात घालणे निराळे. तेल श्वासनलिकेत उतरले तरी पाण्यासारखा चटकन ठसका लागत नाही. ते गुपचूप फुप्फुसात जाऊन बसते आणि तेथे सूज निर्माण करते. न्हाऊ घालणाऱ्या बाईने नाकात फुंकर मारणे किंवा तोंडाने नाक ओढणे, हेही नको. तिच्या तोंडातील जंतू बाळाच्या नाकात जातात. आईचे दूध नाकात घालण्यापेक्षा पोटात गेलेले बरे. ते नाकात वाळले की चिकटते. कापूर आणि छातीला चोळण्याचे मलम तान्ह्यापासून लांब ठेवावे. कापराने लहान मुलांना झटके आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. वाफाऱ्याच्या भांड्याने भाजण्याची भीती असते. आणि पोटावर वा छातीवर डाग देणे तर शुद्ध क्रौर्य होय.

सर्दी-खोकल्याच्या गोड पातळ औषधांविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. क्लोरफेनिरामाईन आणि फिनिलेफ्रिन या प्रचलित मिश्रणाच्या वेष्टनावर, चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्याच ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे स्पष्ट बजावले. मग महिन्याच्या आतील बाळाची कथा काय?

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: चोंदलेले नाक कोठे संपते आणि न्यूमोनिया कोठे सुरू होतो, हे घरात बसून कसे ओळखावे? याचे उत्तर शोधण्यात आपल्या मराठी मुलुखाचा मोठा वाटा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. तेथील खेड्यांत बालके न्यूमोनियाने मरत. डॉक्टर दूर आणि क्ष-किरण यंत्र त्याहून दूर. गावातल्याच माणसांना श्वास मोजण्यास शिकवावे, तर अनेकांना पन्नास-साठपर्यंत मोजणेही अवघड. तेव्हा त्यांनी मण्यांचा एक साधा श्वासमापक तयार केला. त्याला एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडलेले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, की न्यूमोनिया समजावयाचा. निरक्षर सुईणीलाही हे जमले. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरच्या घरी संपूर्ण काळजी घेण्याचा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले होते. देशभर आशाताई आज जी घरभेट देतात, तिच्यामागे ही गडचिरोलीची पुण्याई आहे.

मोजण्याची रीत अशी. बाळ शांत असावे. रडत वा पीत नसावे. अंगावरचे कपडे वर करून पोटाकडे पाहावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले, की एक श्वास. सेकंदकाट्याचे घड्याळ समोर ठेवून पुरे एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ते मध्येच क्षणभर थांबते, मग भरभर घेते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक भरले, तर पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तेच आले, तर ते नाकाचे दुखणे राहिले नाही. श्वासाबरोबर बरगड्यांखालची जागा खोल आत ओढली जाणे, कण्हणे, नाकपुड्या फुलणे, ओठ वा जीभ निळसर होणे, दूध सोडणे, बाळ मलूल पडणे, अंग तापणे अथवा गार पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले, तर आकडा मोजत बसण्याचेही कारण नाही. बाळ शांत असता निळे पडते आणि रडताना लाल होते, असे दिसल्यास नाकाची वाट जन्मतःच बंद असण्याचा संभव असतो, तेही तातडीचेच. अशा वेळी १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि बाळाला छातीशी उबेत धरून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. आजारी नवजात बालकाच्या विनामूल्य उपचारांची आणि वाहनाची तरतूद केंद्राच्या योजनेत २०११ पासून आहे.

सीमाभागातील आपल्या लेकीसुनांना आणखी एक अडचण पडते, ती भाषेची. सासर-माहेर मराठी, आशाताई कन्नड बोलणारी, डॉक्टर कदाचित आणखी कुठले. आपण ‘पोट उडते’ म्हणतो, ते ऐकणाऱ्याला पोटाचे दुखणे वाटते. म्हणून तीन वाक्ये पाठ असावीत: ‘मूगु कट्टिदे’, नाक चोंदले आहे, ‘उसिरु जोरागिदे’, श्वास जोराने चालला आहे, ‘हालु कुडियुत्तिल्ल’, दूध पीत नाही. पण या सर्वांहून आकडा बोलका. ‘मिनिटाला सत्तर श्वास, दोनदा मोजले’, एवढे सांगितले की कोणत्याही भाषेतील डॉक्टर पुढचे प्रश्न बाजूस ठेवून बाळ हाती घेईल. आशाताई रुग्णालयात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना चहा अवश्य द्यावा; पण त्याआधी श्वास कसे मोजावेत, हे त्यांच्याकडून सुनेने, आजीने आणि बाळाच्या बापानेही हाताखालून शिकून घ्यावे.

बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवण्याची जुनी चाल अनेक घरांत अजून आहे. ती ज्यांना पाळावयाची, त्यांनी खुशाल पाळावी. मात्र बाळाचे हात पोचणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी. आमची विनंती इतकीच, की त्याच्या शेजारी सेकंदकाट्याचे एक घड्याळ आणि मिठाच्या पाण्याची एक कुपी असू द्यावी.