मक्याला इंजेक्शन कोण देतं?

पावसाळ्यात गिरगाव चौपाटीला किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कणीस हातात आलं की कुणीतरी सांगतंच, "गावठी घ्या हो, ते पिवळं हायब्रीड. त्याला साखरेचं इंजेक्शन मारतात."

शेकडो दाण्यांना सुई टोचत बसायला कुणाला परवडेल? मक्याचा दाणा भरताना त्यातल्या साखरेचा स्टार्च होतो. स्वीटकॉर्नमध्ये हे काम करणारं एखादं जनुक बिघडलेलं असतं, म्हणून साखर तशीच राहते. हा बिघाड मक्यात आपसूक झालेला आहे, माणसानं तो फक्त जपला. दाणे वाळवून पाहा: साधे टपोरे राहतात, स्वीटकॉर्नचे सुरकुततात, कारण आत भरायला स्टार्चच कमी. आणि पांढरट कणीस गावठीच असतं असंही नाही. रंगावरून संकरित ओळखता येत नाही. मुळात मका मेक्सिकोचा, त्यामुळे 'गावठी'चा अभिमान जरा बेतानंच!

हायब्रीड म्हणजे जीएम (जनुकीय बदल केलेलं), हा दुसरा गोंधळ. संकरित मक्यात बाहेरचं जनुक घालावं लागत नाही. एकेक वाण काही पिढ्या स्वतःच्याच परागानं फळवत नेतात. झाडं खुजी, किरकोळ होत जातात. मग असे दोन वेगळे वाण शेजारी पेरायचे आणि त्यातल्या एकाच्या, म्हणजे मादी धरलेल्या ओळींचे तुरे पराग सुटायच्या आत खुडायचे. त्या ओळींवरचं बियाणं जोमदार निघतं. एका वाणातली उणीव दुसरा झाकतो, हे त्याचं मोठं कारण. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी 1908 मध्ये हे मांडलं. भारतात समन्वित मका प्रकल्प 1957 मध्ये सुरू झाला, आणि 1961 मध्ये गंगा, रणजित, डेक्कन हे संकर आले. तेव्हा जीएम तंत्र जन्मलंही नव्हतं. आपल्याकडे व्यापारी लागवडीची परवानगी मिळालेलं जीएम पीक आजही बीटी कापूस, तोही 2002 पासून.

संकरातून जोम येतो म्हणून कुठलेही दोन वाण एकत्र आणले की भरघोस पीक, असंही नाही. जवळच्या नात्यातले वाण फारसा जोम देत नाहीत. फार दूरचे घ्यावेत, तर एकाचा तुरा आणि दुसऱ्याच्या कणसाचे केस वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात. पैदासकार ढिगानं संकर करून पाहतात आणि त्यातले बहुतेक टाकून देतात.

कणसाचे केस आपण झटकून टाकतो. त्यातला प्रत्येक केस एकेका दाण्याचा. परागकण पोचला नाही, तर तिथे दाणाच धरत नाही. कणसातली खिंडारं कीटकनाशकामुळे पडतात असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आधी हे पाहावं. पिवळ्यात अधूनमधून पांढरे दाणे दिसले, तर तोही पराग आणि आनुवंशिकतेचा खेळ. रंग कुणी फासलेला नसतो.

राहिली तक्रार दरवर्षीच्या बियाण्याची. संकरिताचं बी ठेवून पेरलं, तर पुढच्या पिढीत जनुकं विखुरतात, झाडं उंच-बुटकी येतात आणि उतारा घटतो. हे कंपन्यांच्या पथ्यावर पडतं, यात शंका नाही. पण ते त्यांनी घडवलेलं नाही. ज्याला घरचंच बी हवं, त्यानं 'आफ्रिकन टॉल'सारखा संमिश्र वाण लावावा, म्हणजे त्याचं बी राखता येतं. मात्र तो गुरांच्या चाऱ्याचा, चौपाटीच्या शेगडीवर यायचा नाही.