ओट्याची उंची

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा जमिनीपासून ३३ इंच उंच आहे. एरवी तो मोजायचं काही कारण नव्हतं. पण मुलगा साडेतीन वर्षांचा असताना पाणी प्यायला म्हणून त्याने मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढत आणलं, त्यावर चढला आणि घसरला. हनुवटीला तीन टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर मी त्याला रागावले, सासूबाई मला रागावल्या आणि रात्री सगळे झोपल्यावर मी टेप घेऊन बसले. मुलाची उंची ३८ इंच. म्हणजे ओट्याची कड त्याच्या ओठांपाशी येत होती. माठ ओट्यावर, पेले त्याच्याही वर, भिंतीवरच्या मांडणीत. आणि खाली, सिंकखालच्या कप्प्यात, नुसतं ओढलं तरी उघडणाऱ्या दारामागे, फिनेल, कपड्यांचा सोडा आणि झुरळांचं औषध. आमच्या घरात पोराच्या हाताला लागेल असं फक्त विष होतं.

माझ्या आजोळी असं नव्हतं. तिथे सगळा कारभार जमिनीवर चालायचा. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जेवायला पाट. आजी बसली की तिचा हात आणि चार वर्षांच्या पोराचा हात एकाच पातळीवर यायचे. लसूण सोल, शेंगा फोड, पोळीला तूप लाव, पाट मांड, पाणी घे, असं सांगण्याचीही फारशी गरज पडत नसे. बघता बघता हात चालू लागायचे. पुढे गॅस आला, फ्लॅट आले आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. बायकांच्या गुडघ्यांना नि कंबरेला त्याने केवढं सुख दिलं, ते माझ्या आईला विचारा. मी काही पुन्हा चुलीपुढे बसणार नाही. पण ओट्याने पोरांना स्वयंपाकातून हद्दपार केलं हेही खरं. सहाव्या वर्षीही मूल साधारण ११५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेचार फूट असतं. एवढ्या उंचीवरून ओट्यावर पोळी लाटायचा जोर येत नाही. त्याला दिसतात ट्रॉल्यांच्या मुठी आणि आईचे पाय.

आजोळचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र लपवायला नको. ते घर मुलांच्या उंचीचं होतं, पण कामं मुलींच्या वाट्याची होती. मामाच्या मुलाने ताट उचललेलं मला आठवत नाही. तेव्हा जुनं तेवढं सोनं, असं म्हणायला मी हा लेख लिहीत नाहीये.

उंचीचा हा हिशेब आधी एका डॉक्टरीणबाईंनी मांडला होता. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरींनी रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत बालघर सुरू केलं. तिथे टेबलखुर्च्या मुलांना उचलता येतील एवढ्या हलक्या नि लहान केल्या आणि कपाटं त्यांच्या हाताला येतील अशी बुटकी. बटणं लावणं, पाणी ओतणं, झाडणं ही कामं तिथे चक्क अभ्यास म्हणून होती. १९३९ मध्ये बाई मद्रासला आल्या, युद्धात अडकल्या आणि १९४६ पर्यंत इकडेच राहिल्या. पण महाराष्ट्राने त्यांची वाट पाहिली नव्हती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९२६ मध्येच गिजुभाईंसोबत नूतन बालशिक्षण संघ काढला होता.

ताराबाईंची खरी कमाल पुढे बोर्डीत दिसली. १९४५ मध्ये त्या आणि अनुताई वाघ तिथे कामाला लागल्या. माँटेसरीची लाकडी साधनं महागडी. यांनी खडे, बिया, शिंपले, पानं घेतली. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. मूल आपल्यापर्यंत पोचत नसेल तर आपण त्याच्यापर्यंत जायचं, एवढी साधी गोष्ट. आमच्या साडेपाचशे चौरस फुटांत ती करायला मला तीन टाके लागले.

पहिल्याच रविवारी फिनेल आणि मंडळी वर गेली, पेले-ताटल्या सिंकखाली आल्या. माठ ओट्यावरून उतरून एका भक्कम पाटावर आला. दाराशी अडीच फुटांवर दोन खुंट्या ठोकल्या: एक दप्तराला, एक रेनकोटला. कपड्यांच्या कपाटातला सर्वांत खालचा कप्पा त्याचा. त्यात ठरवून कमी कपडे ठेवले, कारण वीस शर्टांचा ढीग घडी घालून ठेवणं मलाही जमत नाही. आणि एक फडकं, माठाशेजारी, त्याच्या हाताला येईल असं. सगळ्या फेरफारात हे फडकं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाणी सांडणारच. सांडल्यावर आईला हाक मारायची की स्वतः पुसायचं, ते फडकं कुठे आहे त्यावर ठरतं. चाकू, गॅस नि कुकर यांच्या वाट्याला मात्र त्याने जायचं नाही, ते आम्ही निक्षून सांगितलं होतं.

सासूबाईंना हे रुचलं नाही. "अगं, एवढ्याशा पोराला कामाला कसली जुंपतेस?" एकदा तो भाताच्या पातेल्यात डाव घालून वाढत होता, निम्मी शितं ताटाबाहेर. त्यांना बघवेना, त्यांनी डाव हातातून काढून घेतला. त्याने तो परत घेतला आणि म्हणाला, "आजी, तू बस ना. तुला मी वाढतो." त्या बसल्या. तेव्हापासून रात्रीचा भात तोच वाढतो. शितं अजून सांडतात.

यात वेळ जातो, हे कुणी सांगत नाही. सकाळी सव्वासातला रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असताना मुलगा बुटाची नाडी घेऊन बसला की मी कितीदा तरी त्याची नाडी बांधून टाकली आहे. मग मी बूटच बदलले, चिकटपट्टीचे आणले. नाडी रविवारी. स्वावलंबनाची शिकवणी रोज सकाळी सातला घ्यायची नसते, एवढं आता कळलं आहे.

ज्यांना हे सगळं परकं वाटतं त्यांनी आपल्याच इमारतीखाली दिवाळीत पोरांचा किल्ला बघावा. माती कुठून आणायची, पोती कुणाकडे मागायची, बुरूज ढासळला तर काय, अळीव कधी पेरले म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवळ दिसेल, सगळं तीच ठरवतात, भांडतात, चिखलात लोळतात. तिथे सगळं त्यांच्या उंचीचं असतं, जमिनीवर. प्लॅस्टरचे आयते किल्ले हल्ली बाजारात मिळतात, ते मला ओट्यासारखेच वाटतात.

यंदा फराळाचे डबे भराल तेव्हा त्यातला एक, झाकण सहज निघेल असा, अगदी खालच्या फळीवर ठेवून बघा. पाहुणे आले की ताटली भरून आणायचं काम घरातलं सर्वांत बुटकं माणूस करील. चकल्या दोन दिवस आधी संपतील, तेव्हा एक घाणा जास्त काढा.