बुलेटचा कनेक्टिंग रॉड: ताकद, तोल आणि तेल

जुनी बुलेट उघडली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रॉड स्टीलचा टाकायचा का?" शिर्डीत आणि आसपासच्या राहाता, कोपरगाव, संगमनेर भागात गेली काही वर्षं मी जुन्या मोटरसायकलींची इंजिनं उघडतो आणि बांधतो. या प्रश्नाला चटकन 'हो' म्हणणारे मिस्त्री बरेच भेटतात. स्टील म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे चांगलं, असा साधा हिशोब त्यामागे असतो. तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा हिशोब कळला नाही तर चांगला महागडा रॉड टाकूनही इंजिन वर्षभरात पुन्हा उघडावं लागतं, आणि वेळ वाईट असेल तर क्रँककेसच फुटते. क्रँककेसवर आरसी बुकातला इंजिन नंबर कोरलेला असतो. ती गेली की गाडीची ओळखच जाते, म्हणून हा प्रश्न नुसता खर्चाचा राहत नाही.

बुलेटची कुळकथा थोडक्यात सांगतो. इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एन्फील्ड कंपनीची ही गाडी. १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना निघाला. पुढे इंग्लंडातली मूळ कंपनी १९७०च्या सुमारास बंद पडली, पण तिचं चाळीसच्या दशकाअखेरीस आखलेलं इंजिन आपल्याकडे थोड्याफार फरकाने पुढची अनेक दशकं बनत राहिलं. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी, आणि ताकद ५,६२५ फेऱ्यांना १८ अश्वशक्ती. स्ट्रोक बोअरपेक्षा बराच लांब असल्यामुळे हे इंजिन सावकाश फिरत जोर लावतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

पिस्टन वरखाली जातो, क्रँक गोल फिरते, आणि या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचं वरचं टोक गजन पिनेवर डोलतं आणि खालचं टोक क्रँकपिनेभोवती फिरतं. मूळ इंग्लिश आखणीत हा रॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. 'आरआर ५६' असं त्या मिश्रधातूचं नाव. यातलं 'आरआर' म्हणजे रोल्स-रॉइस. विमानाच्या इंजिनांसाठी त्यांनी तयार केलेल्या मिश्रधातूंच्या कुटुंबातला हा एक. ॲल्युमिनियमचा रॉड म्हणजे कंजूषपणा, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच्या वरच्या टोकाला बुशसुद्धा नव्हता, गजन पिन थेट रॉडच्या धातूतच फिरे. खालच्या टोकात पोलादी कडं ठोकून बसवलेलं, आणि कडं व क्रँकपिन यांच्यामध्ये एक मोकळा बुश. दोन्ही अंगांना व्हाइट मेटल चढवलेला हा बुश कशालाच घट्ट धरलेला नसतो. पिन फिरते, बुशही तिच्यामागे सावकाश फिरत राहतो. त्यामुळे घसरण्याचा वेग आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांवर वाटला जातो आणि तेलाचे दोन पडदे तयार होतात. साध्या बुशपेक्षा ही युक्ती सरस आहे. फक्त तेल सतत, स्वच्छ आणि दाबाने मिळालं पाहिजे.

आता रॉडवर भार किती येतो ते पाहू. इंजिनाचा स्फोट रॉडला दाबतो. ७० मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटिमीटर आहे. स्फोटाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० किलो धरला तर हजार-अकराशे किलोचा रेटा येतो. जाड दांडा असा रेटा सहज सोसतो. रॉड तुटतो तो ओढीने. एक्झॉस्टच्या फेरीत पिस्टन वर जाऊन थांबतो आणि खाली वळतो, त्या क्षणी त्याला मागे खेचण्याचं काम एकट्या रॉडला करावं लागतं. पिस्टन, रिंगा आणि पिन मिळून ४०० ग्रॅम वजन धरू. २,८०० फेऱ्यांना, म्हणजे टॉप गिअरात साधारण ताशी ६० किमीला, ही ओढ जवळपास २०० किलो भरते. फेरे दुप्पट केले की ओढ चौपट होते, म्हणजे ५,६०० फेऱ्यांना सुमारे ८०० किलो. अश्वशक्तीचा यात संबंध नाही. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून तिसऱ्या गिअरात इंजिन ओरडवलं तरी रॉड तितकाच ताणला जातो. उलट तेव्हा जास्तच, कारण समोरून गॅसचा दाब नसतो.

दुसरी बाब थकव्याची. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्याखाली राहिला तर कितीही वेळा ओढा, ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणाचीही प्रत्येक फेरी थोडं आयुष्य घेऊन जाते. बुलेट ५०,००० किलोमीटर चालली म्हणजे क्रँक किती फिरली? ताशी ६०चा वेग धरला तर सुमारे चौदा कोटी फेरे. पन्नास वर्षांची गाडी दोन-तीन लाख किलोमीटर चाललेली असते आणि तिचं मीटर कधीच बंद पडलेलं असतं. अशा गाडीतला मूळ रॉड पुन्हा वापरायचा की नाही, हे नुसतं पाहून ठरवू नये.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याची १९७४ची बुलेट माझ्याकडे आली. गाडी त्यांच्या वडिलांची. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांना गाडी होती तशी हवी होती. त्यांच्या मुलाला हवा होता जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन, स्टीलचा रॉड आणि ताशी शंभरचा वेग. "काका, आता रस्ते कसे झालेत बघा की," तो म्हणाला. रस्ते झालेत हे खरंच. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. मात्र त्यावर दुचाकींना बंदी आहे, आणि जुन्या बुलेटच्या क्रँककेसेसाठी तरी ते बरंच आहे. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून आणि गुरुवारच्या गर्दीतून जाताना साठच्या वर किती वेळ राहता येतं, हा प्रश्न मी मुलाला विचारला. तो हसला, पण त्याने हट्ट सोडला नाही.

इंजिन उघडलं. खालच्या टोकाला वरखाली ढिलाई होती आणि जुन्या तेलात व्हाइट मेटलचे चंदेरी कण दिसत होते. म्हणजे बुश गेला होता. पण तो का गेला, हे शोधल्याशिवाय रॉडला हात लावू नये, असा माझा शिरस्ता आहे. बुलेटमध्ये पंपाकडून आलेलं तेल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरतं आणि आतल्या भोकांतून क्रँकपिनेपर्यंत पोचतं. कव्हर आणि क्रँक यांच्या सांध्यावर कॉर्कचा एक छोटा वॉशर असतो. तो वाळून आक्रसला की तेल बिग एंडला जाण्याऐवजी सांध्यातूनच गळून खाली पडतं. बाहेर थेंबही दिसत नाही. पंप चालू आहे, टाकीत तेल परत येताना दिसतंय, आणि बुश मात्र कोरडा फिरतोय. अण्णांच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. शिवाय क्रँकपिनेच्या भोकात काळा गाळ इतका घट्ट बसला होता की तार घालून काढावा लागला. या अवस्थेत जगातला सर्वांत भारी रॉड टाकला असता तरी निकाल तोच लागला असता.

मग रॉड तपासला. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, त्यामुळे पोलादासाठी वापरतात ती चुंबकीय भुकटीची तपासणी इथे चालत नाही. लाल रंगाच्या डायची तपासणी करावी लागते. रॉड स्वच्छ धुऊन त्यावर लाल द्रव फवारायचा, तो मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. वरच्या डोळ्याखाली, जिथे तो दांड्याला मिळतो तिथे, केसासारखी एक लाल रेघ उमटली. त्या रेघेने बापलेकांचा वाद मिटवला. जुना रॉड बाद झाला.

नव्या रॉडसाठी दोन वाटा होत्या. एक, मोकळा बुश तसाच ठेवून नवा रॉड. दुसरी, रोलर बेअरिंगवर फिरणारा पोलादी रॉड. रोलरला तेल थोडं पुरतं, नुसत्या शिंतोड्यांवरही तो चालतो. आपल्या ओळखीच्या टू-स्ट्रोक गाड्यांत रोलरच का असतात, त्याचं कारण हेच. मैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या असोत की १९७२ पासून नगरच्या कायनेटिकमध्ये बनलेली लुना, त्यांच्या क्रँकेला पंपाचं दाबाचं तेल मिळतच नाही. पेट्रोलबरोबर येईल तेवढ्या तेलावर भागवायचं असतं. पण रोलरची स्वतःची अट आहे. क्रँकपिन आणि रॉडचा डोळा दोन्ही काचेसारखे कडक हवेत आणि घासून अचूक मापाला आणलेले हवेत. बाजारातल्या काही नकली किटांत पिन इतकी मऊ असते की कानस फिरवली तर धातू निघतो. चांगल्या पिनेवर कानस नुसती घसरते. ही चाचणी पिनेच्या कडेला, जिथे रोलर फिरत नाही तिथे, दुकानातच करून घ्यावी. दुकानदाराला राग आला तर दुकान बदलावं. आणखी एक फरक असा की बुश जाताना महिनाभर टकटक करून सांगतो. रोलर पुष्कळदा सांगत नाही.

रॉड घडीव आहे की कापलेला, हेही पाहावं लागतं. कुऱ्हाडीचा दांडा आपण बाभळीच्या शिरा लांबीत धरून करतो, शिरा आडव्या गेल्या तर पहिल्याच घावाला मोडतो. पोलादाचंही तसंच आहे. तापवून साच्यात घडवलेल्या रॉडमध्ये धातूच्या रेषा डोळ्याभोवती वळून जातात. पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जसारखे कारखाने क्रँका आणि ॲक्सल याच तत्त्वावर घडवतात. सपाट पत्र्यातून कापलेल्या रॉडमध्ये त्या रेषा डोळ्याशी तुटतात. मात्र उत्तम पोलादाचा गोळा आधी घडवून मग मशिनवर कोरलेला रॉडही चांगला असतो. कॅरिलोसारखे परदेशी रॉड त्या जातीचे, पण ते शर्यतीच्या इंजिनांसाठी. किमतीचा विचार करता आमच्या गावरस्त्यांना ते परवडत नाहीत, आणि गरजही नाही.

तोलाचा हिशोब बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. एका सिलिंडरचं इंजिन पूर्ण तोलता येत नाही. फिरणारं वजन पूर्ण तोलतात आणि वरखाली जाणाऱ्या वजनापैकी साधारण निम्मं. रॉडचं वरचं टोक वरखाली जाणाऱ्यांत धरायचं, खालचं फिरणाऱ्यांत. म्हणून रॉड आडवा ठेवून एक टोक दोरीने टांगायचं आणि दुसऱ्याचं वजन घ्यायचं, मग उलट. आमच्या गल्लीतल्या सोनाराचा काटा यासाठी झकास आहे. त्यांना गंमत वाटते, पण करू देतात. समजा नव्या पोलादी रॉडचं वरचं टोक ६० ग्रॅमने आणि खालचं १५० ग्रॅमने जड निघालं. तर क्रँकपिनेच्या अंतरावर, म्हणजे केंद्रापासून ४५ मिमीवर, १५० अधिक ३० असे १८० ग्रॅम जास्त झाले. केंद्रापासून ७५ मिमीवर पिनेच्या बाजूला भोकं पाडून ते भरून काढायचे तर १०८ ग्रॅम धातू काढावा लागेल, दोन्ही फ्लायव्हीलांतून ५४-५४ ग्रॅम. हे न करता रॉड बसवला की गाडी ठरावीक वेगाला हँडल, फूटरेस्ट आणि दात सगळं हलवते. मालक समजतो, स्टीलचा रॉड असाच असतो.

अण्णांच्या गाडीत शेवटी घडीव पोलादी रॉड आणि रोलर बसवला. वरच्या टोकाला कांस्याचा बुश घातला, कारण पोलादात पोलादी पिन थेट फिरवता येत नाही. पिस्टन मात्र जुन्याच कॉम्प्रेशनचा ठेवला. मुलाला ओढीचा हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्याने स्वतःच तो आग्रह सोडला. कॉर्कचा वॉशर नवा टाकला, तेलाच्या वाटा रॉकेलने आणि हवेने साफ केल्या, फेल्टचा फिल्टर बदलला. फ्लायव्हील जोडल्यावर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवली. तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत दोन्ही बाजूंचं डगमगणं दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आणायला एक अख्खी दुपार गेली. हे काम घाईत होत नाही. ज्याला घाई आहे त्याच्याकडे क्रँक देऊ नये.

पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या आत चालवायला सांगितलं होतं. पाचशेला तेल काढून पांढऱ्या फडक्यावर गाळलं. थोडी काळी पूड होती, चकाकणारं काही नव्हतं. हजाराला पुन्हा गाळलं तेव्हा पूडही कमी झाली होती. मुलगा आता रविवारी कोपरगावपर्यंत जाऊन येतो. तेल बदलायची तारीख आणि किलोमीटर तो टाकीच्या झाकणाखाली चिकटवलेल्या कागदावर लिहितो. त्या कागदावर पाच नोंदी झाल्या आहेत.