एका फुलाचे निदान

एडिंबरा येथील वैद्यकीय शिक्षण १८२७ साली अर्धवट सोडणाऱ्या चार्ल्स डार्विनने पुढे १८६२ साली एक निदान केले. ते मनुष्याच्या व्याधीचे नव्हते. मादागास्कर बेटावरील एका फुलाविषयी होते.

अँग्रेकम सेस्क्विपेडाले हे त्या ऑर्किडचे शास्त्रीय नाव. उत्तरपदाचा अर्थ ‘दीड फुटी’. आपल्याकडील सीतेच्या वेणीप्रमाणे ते झाडाच्या खोडाला मुळांनी बिलगून वाढते, पण झाडाचा रस शोषीत नाही. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यालगतचे सखल, दमट अरण्य हे त्याचे घर. चांदणीच्या आकाराचे मेणासारखे पांढरे फूल रात्री सुगंध सोडते. त्याच्या पाठीमागे सुमारे फूटभर लांबीची हिरवट नळी लोंबते आणि मध असतो तो तिच्या तळाशी.

डार्विनने मोजलेली नळी साडेअकरा इंच भरली; मध केवळ खालच्या दीड इंचात. राठ केस, सुया घालून पाहिल्या, पण पराग हलेनात. मग एक दशांश इंच जाडीची कांडी आत दाबून बाहेर काढली, तेव्हा परागपुंज तिला चिकटून आले. शल्यविशारदाने शलाका फिरवावी तसाच हा प्रकार! अर्थ उघड होता. दहा-अकरा इंच सोंडेचा, मधासाठी डोके फुलात खुपसणारा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. काही कीटकशास्त्रज्ञांनी थट्टा केली. वॉलेसने मात्र १८६७ मध्ये, नेपच्यून ग्रह शोधणाऱ्यांच्याच खात्रीने या पतंगाचा शोध घ्यावा, असे लिहिले.

१९०३ मध्ये रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन यांनी पतंगाचे वर्णन प्रसिद्ध करून नाव ठेवले ‘प्रेडिक्टा’, म्हणजे भाकीत केलेला. डार्विनला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. प्रत्यक्ष फुलावर तो दिसला १९९२ मध्ये. २०२१ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. त्याची मोजलेली सर्वांत लांब सोंड २८.५ सेंटिमीटर आहे.

कथा बहुधा येथेच थांबवली जाते. निदानाबरोबर डार्विनने साध्यासाध्यताही सांगितली होती, ती कोणी फारशी सांगत नाही: हे पतंग मादागास्करमधून नष्ट झाले, तर फूलही निश्चित नष्ट होईल. पतंगाच्या अळ्या सीताफळाच्या कुळातील झाडांवर वाढतात. म्हणजे फुलाला एक वृक्ष हवा, पतंगाला दुसरा; जगवायचे तर सारे रानच जगवावे लागते. भातासाठी रान जाळण्याची ‘तावी’ पद्धत आणि कोळशाच्या भट्ट्या यांमुळे त्या सखल अरण्याचे आता तुकडेच उरले आहेत. ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे खरे, पण कुऱ्हाडीवर त्याचा अंमल कसा चालावा? आणि पोटासाठी रान जाळणाऱ्याला नुसता दोष देऊन तरी काय साधणार?

देशोदेशींच्या काचगृहांत हे ऑर्किड आज उत्तम फुलते. तेथे पतंग नसतो. बी हवे असल्यास माळी डार्विनप्रमाणेच हाती काडी घेतो.