लाल की निळं? जिंकतं कोण, बॉस?

"मावशी, निळं आलं होतं ना. मग काय होणार?"

रविवारची सकाळ, समोर झणझणीत मिसळ आणि माझी १३ वर्षांची भाची हे इतक्या थंडपणे म्हणाली, की माझा पाव हातातच राहिला. आदल्या दिवशी ती तायक्वांदोची लढत एका गुणाने हरली होती. रडू नाही, राग नाही, 'पुढच्या वेळी बघते' पण नाही. निळा चेस्टगार्ड वाट्याला आला, विषय संपला!

खरं टेन्शन वेगळंच होतं. हा फंडा तिला मीच दिला होता. कधीतरी ऑफिसच्या चहाच्या ब्रेकमध्ये वाचलं, 'लाल घालणारे जास्त जिंकतात' आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगून टाकलं. मावशी म्हणजे हुशार, मग पोरगी विश्वास ठेवणारच! म्हटलं, आता आपणच निस्तरायला हवं. सोमवारी डबा खाता खाता शोधायला बसले.

तर मंडळी, मी थाप मारली नव्हती. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीच्या दोन्ही प्रकारांत कुणी लाल घालायचं, कुणी निळं, हे खेळाडूंच्या हातात नव्हतं. ड्रॉमध्ये येईल तो रंग. ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन यांनी या लढतींचे निकाल मोजले. लालवाले साधारण ५५ टक्के लढती जिंकले होते! २००५मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. गंमत म्हणजे फरक दिसला तो दोघं तोडीस तोड असतील तिथेच. एक जण फारच भारी असेल, तर रंग बिचारा काय करणार?

पण लाल घातल्याने अंगात जोर येतो की समोरचा घाबरतो? २००८मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तिसरीच शक्यता तपासली. ४२ अनुभवी तायक्वांदो पंचांना त्यांनी लढतींच्या छोट्या क्लिप्स दाखवल्या. मग त्याच क्लिप्स कॉम्प्युटरवर रंगांची अदलाबदल करून पुन्हा दाखवल्या. किक तीच, खेळाडू तोच, पण लाल दिसला की सरासरी १३ टक्के गुण जास्त! म्हणजे निदान तिथे तरी गडबड खेळाडूच्या पायात नव्हती, पंचांच्या नजरेत होती. तीही त्यांच्या नकळत.

आता एका गुणाची किंमत नाशिककरांना वेगळी सांगायला नको. जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीत आपल्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असं हरवून महाराष्ट्र केसरीची गदा नाशिकला आणली. दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले पठ्ठे. जिंकल्यावर हर्षवर्धनने शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं, ते दृश्य आठवतंय? इतक्या घासून होणाऱ्या कुस्तीत पंचांची नजर जराशी जरी कलली, तरी एखाद्याची वर्षभराची मेहनत पाण्यात जाऊ शकते. म्हणून हा विषय नुसता टाइमपास नाही.

याउलट आपली 'सावरपाडा एक्स्प्रेस' कविता राऊत. २०१०च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये तिने १० हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं. तिथे निकाल घड्याळाचा आणि घड्याळाला रंग दिसत नाहीत!

खेळांनीही हळूहळू हेच केलं. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकपासून तायक्वांदोत इलेक्ट्रॉनिक चेस्टगार्ड आले. आंतरराष्ट्रीय कुस्तीत पंचांच्या निर्णयाला आव्हान देऊन व्हिडिओ पाहायची सोय झाली. आणि आता क्लायमॅक्स ऐका. २०२४मध्ये एक मोठा अभ्यास आला. १९९६ ते २०२० या काळातल्या १६ मोठ्या स्पर्धा, साडेसहा हजारांहून जास्त लढती. लालवाल्यांचे विजय किती? ५०.५ टक्के. म्हणजे जवळपास छापा-काटाच! जुन्या काळात अटीतटीच्या लढतींत लालचा फायदा दिसत होता. २००५नंतर तो विरला. गुण मोजायची पद्धत सुधारली, हे त्याचं एक कारण असावं, असं अभ्यासकांना वाटतं.

संध्याकाळी भाचीला हे सगळं सांगितलं. कान पकडून सॉरीही म्हटलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी निळ्यामुळे नाही हरले?"

"नाही गं."

"मग कशामुळे?"

काय बोलणार? मला किकमधलं ओ की ठो कळत नाही. "ते तुझ्या सरांना विचार," म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मलाच वाईट वाटलं. एवढं आयतं कारण काढून घेतलं ना तिचं!

पुढच्या स्पर्धेच्या दिवशी मी ऑफिसात अडकले होते. दुपारी तिचा फोन आला. "मावशी, हरले."

मी न राहवून विचारलंच, "रंग कुठला होता गं?"

"निळा. पण ते सोड ना! किक मारताना माझा डावा हात खाली येतो. सरांनी दाखवलं. उद्यापासून तेवढंच करणार आहे."

आणि 'चल, ठेवते' म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा.